ब्रेकताईंची एकुलती एक किडनी

गाडी शिकवणाऱ्या त्या बाईंना ब्रेकताई हे नाव कोणी ठेवलं, ते आता कुणालाच आठवत नाही. पण ज्यानं ठेवलं त्यानं नेमकं ठेवलं. शिकाऊ गाडीत शिकवणाऱ्याच्या पायापाशी एक जादा ब्रेक असतो. शिकणारा गडबडला की तो दाबायचा. ड्रायव्हिंग स्कूलमधले बाकीचे शिक्षक तो असा दाबायचे की शिकणाऱ्याचं नाक स्टिअरिंगला टेकायचं, आणि वर चार शब्द ऐकून घ्यावे लागायचे ते निराळेच. ब्रेकताई दाबायच्या तेव्हा गाडीनं स्वतःच विचार करून थांबायचं ठरवलं असं वाटायचं. "बघा, थांबवलीत ना वेळेवर?" असं त्या शेजारच्या घामाघूम माणसाला म्हणायच्या, आणि तोही बिचारा ते खरं मानायचा.

त्यामुळे सगळी भित्री मंडळी स्कूलवाले मुद्दाम त्यांच्याकडे धाडायचे. बँकेतले एक रोखपाल होते, ते गाडीत बसण्याआधी बाटलीभर पाणी प्यायचे आणि बसल्यावर बाथरूम कुठे आहे म्हणून विचारायचे. एक आजी नवरा गेल्यावर, साठी उलटल्यावर शिकायला आल्या. सुरुवातीला त्या डोळे मिटूनच क्लच सोडायच्या. आज दोघंही गर्दीच्या चौकातून हॉर्न न वाजवता गाडी काढतात. कुणी घाबरलं म्हणून ब्रेकताई कधी हसल्या नाहीत, आणि कुणी घाबरलं म्हणून त्यांनी त्याला सोडूनही दिलं नाही.

या बाईंना किडनी एकच होती, हे मात्र फार थोड्यांना माहीत होतं. दुसरी त्यांच्या धाकट्या भावाकडे होती. भाऊ काचा कापायच्या दुकानात काम करतो. ऐन पंचविशीत त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या, आणि आठवड्यातून तीनदा मशीनवर रक्त धुवून घ्यायची पाळी आली. ब्रेकताईंचा नवरा तेव्हा नुकताच वारला होता, मुलगी पहिलीत होती. पदरात पोर असलेल्या बाईनं असला उद्योग करू नये, असं सगळ्यांचं मत पडलं. ब्रेकताईंनी ते नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "माझ्याकडे दोन आहेत, त्याच्याकडे एकही चालू नाही. यात इतकं बोलण्यासारखं काय आहे?" डावी किडनी भावाकडे गेली, ती तिथे छान रुळली. भावाचं लग्न झालं, संसार झाला. ब्रेकताई पुन्हा गाडीत जाऊन बसल्या. त्याला आता वीस वर्षं होऊन गेली.

या वर्षी बरगडीखाली दुखायला लागलं म्हणून त्या सोनोग्राफीला गेल्या. पित्ताचा खडा असेल, अशी त्यांची स्वतःची अटकळ. तपासणारे डॉक्टर बोलघेवडे होते. गार जेल लावताना हवापाण्याच्या गप्पा, रस्त्यावरच्या खड्ड्यांच्या गप्पा. मग एकदम ते बोलायचे थांबले. हातातलं यंत्र पुन्हा पुन्हा उजव्या कुशीकडे, मग डाव्या कुशीकडे फिरवू लागले.

"तुमची डावी किडनी दिसत नाही."

"भावाला दिली."

डॉक्टरांनी पडद्यावरची नजर काढून त्यांच्याकडे पाहिलं. "पित्ताशय ठणठणीत आहे," ते म्हणाले, "पण उजव्या किडनीत एक गाठ दिसते आहे."

पुसायला दिलेला कागद ब्रेकताईंनी नीट घडी करून टोपलीत टाकला, पायात चपला घातल्या, आणि मग विचारलं, "आता कुणाकडे जायचं?"

जायचं होतं ते किडनीच्या सर्जनकडे. हे सर्जन पांढऱ्या केसांचे, तुटक बोलणारे, पण समोरच्याचं बोलणं पुरतं ऐकून घेणारे. त्यांनी सीटी स्कॅन करून घेतला. ब्रेकताई आणि त्यांची मुलगी समोर बसल्या. पहिलीतली ती मुलगी आता शाळेत भूगोल शिकवते आणि कोणतंही चित्र दिसलं की आधी दिशा विचारते.

"ही कोणती बाजू?" तिनं विचारलं.

"पाठीची बाजू खाली," सर्जन म्हणाले. "ही किडनी. आणि हा लिंबाएवढा गोळा, ही गाठ. शिरेतून औषध दिलं तेव्हा ती उजळली. म्हणजे आत रक्त खेळतं आहे, नुसती पाण्याची पिशवी नाही. अशा पाच गाठींतल्या चार तरी कॅन्सरच्या निघतात."

ब्रेकताईंनी विचारलं, "आणि पाचवी?"

"पाचवी निरुपद्रवी असते. पण स्कॅनमध्ये दोन्ही सारख्याच दिसतात. दोन किडन्या असलेलं माणूस समोर असतं तर मी फार विचार केला नसता, ऑपरेशन करून मोकळा झालो असतो. तुमची गाठ आत खोल आहे, रक्तवाहिन्या शिरतात तिथे. तेवढीच कापायला गेलो आणि हाताशी आलं नाही, तर पूर्ण किडनी काढावी लागेल. मग जन्मभर डायलिसिस. ते काय असतं, तुम्ही जवळून पाहिलंय."

"पाहिलंय."

"म्हणून सुरी उचलण्याआधी मला कळायला हवं की ही चारांतली आहे की पाचवी. स्कॅनमध्ये बघत बघत गाठीत सुई घालायची, आतला एक तुकडा काढायचा आणि तपासायचा. बायोप्सी."

बायोप्सी हा शब्द घरी पोचायच्या आत वाड्या-बिल्डिंगा ओलांडून गेला. ज्याला त्याला सल्ला देण्याचा उमाळा आला. गाठीला सुई लावायची नसते, लावली की ती चवताळते, अंगभर पसरते. कुणाच्या मामेसासऱ्यांचं असंच झालं होतं. मुलगी हे सगळं ऐकून आली आणि आईपुढे हात जोडून उभी राहिली. "आई, सुई नको. काढायची तर सरळ काढून टाकू."

"काढून टाकायला ती दाढ आहे का?" ब्रेकताई म्हणाल्या. "चल, ज्यांच्या हातात सुई आहे त्यांनाच विचारू."

सुई होती एका तरुण डॉक्टरबाईंच्या हातात. स्कॅन विभागात बसायच्या, बारीक चणीच्या, केस घट्ट बांधलेल्या. ब्रेकताईंनी पहिल्या भेटीतच त्यांचं नाव सुईच्या डॉक्टर असं ठेवून टाकलं. मुलीनं मामेसासऱ्यांची गोष्ट सांगितली. सुईच्या डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी ड्रॉवरमधून सीलबंद सुई काढून टेबलावर ठेवली.

"ही एकात एक अशा दोन सुया आहेत. बाहेरची नळी गाठीच्या तोंडाशी नेऊन थांबवते. आतली सुई तिच्यातूनच गाठीत जाते, तुकडा घेते आणि तिच्यातूनच परत येते. त्यामुळे गाठीचा कण वाटेत सांडायची भीती फार कमी. कधीच होत नाही असं म्हणणार नाही. पण मला त्यापेक्षा रक्तस्रावाची काळजी जास्त वाटते. किडनीत रक्त पुष्कळ असतं, आणि तुम्हाला ती एकच आहे. बहुतेक वेळा थोडं येऊन थांबतं. नाही थांबलं तर थांबवायची तयारी आम्ही ठेवतो."

"अजून काही?" ब्रेकताईंनी विचारलं.

"अजून एक. एवढं सगळं करूनही कधी कधी उत्तर मिळत नाही. तुकडा येतो, पण कामाचा येत नाही."

बाहेर आल्यावर मुलगी रडवेली झाली. "ऐकलंस ना? तीन-तीन धोके सांगितले त्यांनी."

"म्हणूनच तिच्याकडून करून घ्यायचं," ब्रेकताई म्हणाल्या. "मी शिकवायला लागले तेव्हापासून बघते आहे. 'काही होत नाही हो, बसा' म्हणणारा माणूसच पहिल्या वळणावर गाडी ठोकतो."

भावाला त्यांनी काही कळवलं नव्हतं. पण अशी बातमी लपत नाही. एका संध्याकाळी तो दुकानातून तसाच आला, हाताला काचेची धूळ, आणि दारातच उभा राहिला. आत ये म्हटलं तरी येईना.

"ताई," तो म्हणाला, "तुझी किडनी परत घे."

ब्रेकताईंना हसू फुटलं. मग त्याचा चेहरा पाहून ते जागच्या जागी विरलं. त्याला खरंच तसं म्हणायचं होतं.

"मी माझ्या डॉक्टरांना विचारून आलो," तो म्हणाला.

"काय म्हणाले ते?"

"म्हणाले, घरी जा."

"बरोबरच सांगितलं. अरे, इतकी वर्षं तुझ्याकडे राहिली ती. तुझी सवय झालीय तिला. आता माझ्याकडे रमायची नाही."

पण तो हसला नाही. उंबऱ्यावरच बसला आणि म्हणाला, "तू मला दिली नसतीस, तर आज तुझ्याकडे दोन असत्या. गाठ आली असती तरी एक काढून टाकली असती, की सुटलीस."

तो बोलला ते खरंच होतं. एरवी तोंडावर शब्द तयार असणाऱ्या बाई, पण खोटा दिलासा द्यायचं त्यांच्या जिवावर आलं. त्या त्याच्या शेजारी, त्याच उंबऱ्यावर टेकल्या.

"हो," त्या म्हणाल्या. "सुटले असते. आणि तू नसतास. यातलं काय पाहिजे, ते मी तेव्हाच ठरवलंय. ते मला परत परत विचारायला येऊ नकोस. रडायचं असेल तर आता रडून घे, हवं तर मीही रडते. पण दवाखान्यात असलं चोरासारखं तोंड घेऊन आलास तर बाहेर बसवीन."

दोघं बहीणभाऊ रडले. आतून मुलगी चहा घेऊन आली, दोघांना तसं बसलेलं पाहून कपबशा खाली ठेवून तीही रडली, आणि चहा पार गार झाला.

ठरलेल्या सकाळी ब्रेकताई स्कॅनच्या खोलीत पोचल्या. रक्त गोठण्याची तपासणी झालेली, रक्तदाब मोजून झालेला. खोली थंडगार. मधोमध ते मोठ्या कड्यासारखं मशीन, आणि कड्याच्या आत-बाहेर सरकणारं अरुंद टेबल. त्यांना पोटावर झोपवलं, पोटाखाली उशी दिली. सुईच्या डॉक्टरांनी पाठीवर धातूच्या बारीक रेघांची एक पट्टी चिकटवली. त्या रेघा चित्रात उमटतात, आणि सुई कुठून घालायची ते त्यावरून कळतं. टेबल आत गेलं, बाहेर आलं. पेनानं खूण झाली. मग बधिर करायचं इंजेक्शन.

"झोंबेल थोडं."

"झोंबू दे."

चित्र घेताना सगळे शेजारच्या काचेच्या खोलीत जायचे आणि भिंतीतल्या स्पीकरमधून आवाज यायचा: "श्वास घ्या. धरा. सोडा." मग पावलं परत यायची, सुई जराशी पुढे सरकायची, पावलं पुन्हा जायची. ब्रेकताईंना दुखत फारसं नव्हतं, नुसता दाब कळत होता. त्यांना छळत होतं ते वेगळंच. जन्मात पहिल्यांदा त्या अशा गाडीत होत्या, जिथे रस्ता दिसत नव्हता आणि पाय कुठे ठेवायचा ते कळत नव्हतं. टेबल सरकलं की उजवा पाय आपोआप ताणला जायचा.

"पाय सैल सोडा," सुईच्या डॉक्टर म्हणाल्या.

"सोडलाय."

"नाही सोडलात."

सोडला. मग 'टक्' असा आवाज झाला, ऑफिसात कागदांना पिन मारतात तसा. पुन्हा एकदा टक्, आणखी एकदा टक्. दोऱ्याएवढे बारीक तुकडे औषधाच्या बाटलीत पडले. पाठीला पट्टी लावून त्यांना उताणं झोपवून ठेवलं. दुपारी लघवीला किंचित लाली दिसली. ती पाहून भावाचा चेहरा असा पांढरा पडला की परिचारिकेनं आधी त्यालाच खुर्ची दिली. संध्याकाळपर्यंत लाली गेली आणि ब्रेकताई घरी आल्या.

आठवड्यानं उत्तर आलं ते असं, की उत्तर नाही. तुकड्यांत निरोगी किडनीचा भाग होता, थोडं रक्त होतं. गाठ कशाची आहे ते सांगता येईल असं काही नव्हतं.

घरात सगळ्यांनी हातपाय गाळले. मुलगी म्हणाली, झालं तेवढं पुरे. भावजय म्हणाली, "ताई, देवानं एकदा निभावून नेलं, पुन्हा कशाला?" सर्जननी दवाखान्यात बोलावून तीन वाटा समोर ठेवल्या: नुसतं लक्ष ठेवायचं, सरळ ऑपरेशन करायचं, किंवा पुन्हा सुई. "दुसऱ्या खेपेला बहुतेकांना उत्तर मिळतं," ते म्हणाले, "पण जबरदस्ती नाही."

तेवढ्यात सुईच्या डॉक्टर स्वतः तिथे आल्या. त्यांनी स्कॅनची चित्रं लावली. "माझी सुई इथे होती. गाठीच्या कडेला. आत पोचायला आणखी थोडं हवं होतं. श्वास घेतला की किडनी खाली सरकते, सोडला की वर येते. तुम्ही दर वेळी श्वास धरलात, पण एकदा छातीभर आणि एकदा थोडासा. चित्र घेताना गाठ एका जागी, सुई घालताना दुसऱ्या. यात तुमची चूक नाही. सारखा श्वास कसा धरायचा ते मी तुम्हाला आधी नीट शिकवायला हवं होतं. ते राहिलं."

ब्रेकताई त्यांच्याकडे पाहतच राहिल्या. गाडी अडखळली की शिकणाऱ्याच्या नावानं खडे फोडणारे शिक्षक त्यांनी आयुष्यभर पाहिले होते. शिकवण्यात उणीव राहिली, असं सरळ म्हणणारं माणूस विरळा.

"मग शिकवा," त्या म्हणाल्या.

सुईच्या डॉक्टरांनी त्यांना तिथेच शिकवलं. मोठा श्वास घ्यायचाच नाही. नेहमीसारखा घ्यायचा, नेहमीसारखा सोडायचा, आणि सोडून झाला की तिथेच थांबायचं. दर वेळी तिथेच. ऐकायला सोपं, पण ब्रेकताईंना काही केल्या जमेना. 'थांबा' म्हटलं की त्या आधी एक भलामोठा श्वास आत ओढायच्या, विहिरीत उडी मारणाऱ्यासारखा.

"घाई करू नका," सुईच्या डॉक्टर म्हणाल्या. "परत एकदा."

"हे वाक्य माझं आहे," ब्रेकताई म्हणाल्या, आणि दोघी हसल्या.

मग त्यांनी त्याचा ध्यासच घेतला. घरी सतरंजीवर पालथ्या पडून, मुलीला पाठीवर हात ठेवायला लावून सराव चालला. भूगोलाच्या बाईंनी पट्टी आणून फुगलेली पाठ मोजायला घेतली, तेव्हा मात्र त्यांना ओरडा बसला. शिकवणीच्या गाडीतही लाल सिग्नल लागला की ब्रेकताईंचा सराव सुरू. एकदा रोखपालांच्या धाकट्या बहिणीनं गाडी थांबवली, शेजारी पाहिलं, आणि बाईंचा श्वास चालत नाही असं दिसल्यावर किंचाळून दार उघडलं. तिला समजावताना ब्रेकताईंची पुरेवाट झाली.

दुसऱ्या खेपेला खोलीत आणखी दोन गोष्टी होत्या. एक सोनोग्राफीचं यंत्र, म्हणजे सुई पुढे जाताना गाठ डोळ्यांसमोर हलती दिसावी. आणि कोपऱ्यात सूक्ष्मदर्शक घेऊन बसलेले एक तुकडे तपासणारे डॉक्टर. आलेला तुकडा गाठीचाच आहे की नाही, ते तिथल्या तिथे सांगायला त्यांना बोलावलं होतं. हे सुईच्या डॉक्टरांनी मागून घेतलं होतं.

ब्रेकताई पालथ्या झोपल्या. या वेळी त्यांनी मनाशी ठरवलं होतं, की आज आपण शिकाऊ. रस्ता शेजारच्या बाईंना दिसतो आहे, आपण फक्त सांगितलेलं करायचं. आणि हे ठरवल्यावर त्यांना आश्चर्य वाटलं, की आपल्या शेजारी बसणारी माणसं रोज केवढं मोठं काम करतात. अनोळखी माणसाच्या शब्दावर पाय उचलायचा, ही काही लहानसहान गोष्ट नाही.

"घ्या. सोडा. तिथेच थांबा."

त्या थांबल्या.

"अगदी असंच. पुन्हा."

सुई सरकत गेली. पाठीत खोल कुठेतरी जडसा दाब आला. टक्. पावलं कोपऱ्याकडे गेली. काच सरकवल्याचा बारीक आवाज आला. ब्रेकताईंचा गाल उशीत रुतला होता, त्यांना फक्त भिंतीचा तुकडा आणि कुणाचे तरी निळे बूट दिसत होते.

"आहे," कोपऱ्यातून आवाज आला. "गाठीतलाच आहे. भरपूर आहे. आणखी दोन घ्या."

सुईच्या डॉक्टरांनी सोडलेला सुस्कारा ब्रेकताईंना पाठीवर जाणवला. "तुम्ही पण श्वास धरला होतात वाटतं?" त्या उशीतूनच म्हणाल्या.

पण एवढ्यावर निभावलं नाही. नंतरच्या स्कॅनमध्ये किडनीभोवती रक्ताची एक पातळ पट्टी दिसली. सुईच्या डॉक्टरांनी ती न लपवता सांगितली, आणि घरी जायचा बेत रद्द झाला. दर थोड्या वेळानं नाडी, रक्तदाब, लघवीचा रंग. एकुलत्या एका किडनीभोवती रक्त साचतं आहे, हे कळल्यावर ब्रेकताई पहिल्यांदा खरोखर घाबरल्या. त्यांनी मुलीचा हात धरला आणि सोडलाच नाही. मुलगी त्यांना जगातल्या नद्यांची नावं सांगत राहिली, कारण तिला दुसरं काही सुचेना. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा स्कॅन झाला. पट्टी होती तेवढीच होती. रक्त आपलं आपण थांबलं होतं. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

तुकड्यांना वेगवेगळे रंग लावून तपासायचे होते, म्हणून उत्तराला वेळ लागला. जड काही उचलू नका म्हणून सांगितलेले दिवस सरल्यावर ब्रेकताई कामावर गेल्या. घरी बसून छताकडे बघण्यापेक्षा ते बरं, असं त्यांचं म्हणणं.

फोन आला तेव्हा त्या गाडीतच होत्या. शेजारी एका शाळेत गाणं शिकवणारे गृहस्थ. गाडी पुलाच्या चढावर थांबली होती, मागे गाड्यांची रांग. चढावरून गाडी मागे न घसरवता पुढे काढायची, हा त्या गृहस्थांचा जन्मातला पहिला प्रयत्न. ब्रेकताईंच्या मांडीवरच्या फोनवर सर्जनचं नाव उमटलं आणि फोन थरथरू लागला.

"घ्या तुम्ही, घ्या," गृहस्थ घाईघाईनं म्हणाले. त्यांना तेवढीच सुटका हवी होती.

ब्रेकताईंनी फोन पालथा घातला. आवाज नेहमीचाच निघाला. "समोर बघा. क्लच हळूहळू वर. इंजिनचा सूर जाडसर झाला ना? तुम्हाला तर तो आमच्याआधी कळायला हवा. आता ब्रेक सोडा. सोडा, मी आहे."

गाडी थरथरली आणि पुढे निघाली. चढ संपला, पूल उतरला, गृहस्थांनी आनंदानं उगीचच हॉर्न वाजवला. "आता डावीकडे घेऊन थांबवा," ब्रेकताई म्हणाल्या. गाडी थांबली, हॅंडब्रेक लागला, तेव्हा कुठे त्यांनी फोन उचलला.

"कॅन्सर नाही," सर्जन म्हणाले. प्रस्तावना नाही, काही नाही. "रक्तवाहिन्या, स्नायू आणि चरबी यांचा गुंता आहे, निरुपद्रवी. अशा गाठीत एरवी चरबी एवढी असते की स्कॅनवरच ओळखू येते. तुमच्या गाठीत ती नावाला होती, म्हणून कॅन्सरसारखी दिसली. ऑपरेशन नको. दर सहा महिन्यांनी बघत राहायचं. वाढायला लागली तर तिचा रक्तपुरवठा तोडायचे उपाय आहेत. ऐकताय ना?"

"ऐकतेय," ब्रेकताई म्हणाल्या. फोन ठेवला आणि समोरच्या काचेतून बघत बसल्या. डोळ्यांतलं पाणी गालावरून ओघळलं तरी पुसायचं भान नव्हतं. गृहस्थांना वाटलं, आपल्या हॉर्नमुळेच काहीतरी बिघडलं. "मी पुन्हा नाही वाजवणार," ते घाबरून म्हणाले.

"वाजवा," ब्रेकताई म्हणाल्या. "हवा तेवढा वाजवा."

मुलीला फोन करून त्या तडक भावाच्या दुकानात गेल्या. तो टेबलावर मोठी काच आडवी ठेवून कापत होता. पट्टीच्या कडेनं हिऱ्याची लेखणी चालली होती, कर्र असा आवाज होत होता. मध्येच हाक मारली तर हात हलेल, काच वाया जाईल, म्हणून त्या दारातच थांबल्या. रेघ टोकाला पोचली. त्यानं मान वर केली आणि बहिणीला पाहिलं.

"सांग," तो म्हणाला.

"ठेवायची."

"काय ठेवायची?"

"किडनी. ठेवायची आहे. कॅन्सर नाही."

त्यानं लेखणी खाली ठेवली. "आणि गाठ?"

"तीही ठेवायची. भाडेकरू म्हणून राहील. त्रास देत नाही तोवर राहू दे."

दुकानात गिऱ्हाईक होतं, मालक होते. कुणाचीही पर्वा न करता त्यानं ताईच्या खांद्यावर डोकं टेकलं.

आता त्यांचं नेहमीचं चाललं आहे. सुईच्या डॉक्टर अधूनमधून घाबरलेल्या पेशंटना त्यांचा फोन नंबर देतात, त्यांना विचारूनच. ब्रेकताई त्यांना धोके सगळे सांगतात, पहिल्या खेपेला काही मिळालं नाही तेही सांगतात, आणि श्वास कसा धरायचा ते फोनवरून शिकवतात. ऐकणाऱ्याला त्यांच्या बोलण्यानं धीर येतो, कारण त्या धीर धरा असं म्हणत नाहीत.

सहा महिन्यांनी स्कॅनची तारीख आली, तेव्हा ब्रेकताईंनी ती पुढे ढकलायचं ठरवलं. त्याच आठवड्यात त्यांच्या चार शिकाऊंची लायसन्सची परीक्षा होती. भावाकडे जेवताना त्यांनी हे सहज बोलून दाखवलं.

"नाही," भाऊ म्हणाला.

सगळ्यांचे घास हातात राहिले. ज्या दिवशी किडनी घेतली त्या दिवसापासून हा माणूस बहिणीच्या शब्दाबाहेर कधी गेला नव्हता. तिनं उन्हाला सावली म्हटलं असतं तरी त्यानं मान डोलावली असती.

"नाही म्हणजे?" ब्रेकताई म्हणाल्या.

"नाही म्हणजे नाही. तारीख ठरली आहे, त्याच तारखेला जायचं. परीक्षा त्यांची आहे, तुझी नाही. तू काय, स्वतःला फार शहाणी समजतेस? सगळ्यांना सांगायचं आणि स्वतःच्या वेळी चालढकल! हे चालायचं नाही, ताई. चूक आहे तुझं." त्याचा आवाज चढला होता, कानशिलं लाल झाली होती.

भावजयीनं घाबरून त्याच्या बाहीला हात लावला. पण ब्रेकताईंच्या चेहऱ्यावर राग नव्हता. वीस वर्षांपूर्वी, आजारी पडण्याआधी, हा मुलगा त्यांच्याशी असाच कडाकडा भांडायचा. त्या पाण्याचा पेला हातात तसाच धरून ऐकत राहिल्या. तो जरा थांबला, तेव्हा म्हणाल्या, "बोल, बोल. अजून काय काय चुकतं माझं?"

त्यालाही मग थांबवेना. पुष्कळच साठलं होतं.